सापाची भीती रक्तातली का शिकवलेली?

पऱ्हाटीवाला: माह्या मते रक्तातलीच. लाखो वर्षं माणूस आन् त्याच्या आधीचे माकडं सापासोबत राह्यले, जे सावध होते तेच वाचले, त्यायचेच वंश चालले. म्हणून कापसात सरसर झालं की विचार करायच्या आधीच पाय मांगं येते. संस्कार-बिंस्कार काही नाही यात.

अंगणवाडी ताई: नाही पटलं भाऊ. रांगतं लेकरू गांडूळ धरायला जाते तसंच सापालाही धरायला जाईल. आई किंचाळली की मग ते भ्यायला शिकते. रक्तातच असतं तर शिकवावं काऊन लागलं असतं?

सायन्सवाले गुरुजी: ताई, लॅबमध्ये वाढलेली ऱ्हीसस माकडं खरंच सापाला भीत नव्हती. पण सुझन मिनेका या संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात त्यांना दुसरं माकड सापाला घाबरताना दाखवलं, तर ती पटकन भ्यायला शिकली. मग व्हिडिओ असा जोडला की ते माकड फुलाला घाबरतंय असं दिसावं, तर फुलाची भीती बसलीच नाही. म्हणजे शिकावं लागतेच, पण काय लवकर शिकायचं याचा कल जन्मतः असते. माझी खरी काळजी पुढं आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक औषध फवारताना झालेल्या विषबाधेनं २० पेक्षा जास्त शेतकरी-मजूर गेले. औषध कातडीतून आत जाते, ते ना सळसळत ना फणा काढत, त्याची भीती आपसूक येणारच नाही. सापाचं आजोबांनी शिकवलं, रात्री पाणी द्यायला जाताना काठी आपटत जा, बूट झटकून घाल. औषधाचं शिकवायला आजोबांच्या काळात औषधच नव्हतं, ते आता आपल्यालाच घराघरात रुजवावं लागेल.

रोजंदार: गुरुजी, मनावर नका ढकलू. आम्हाले भेव नाही असं कोण म्हनते? त्या साली पऱ्हाटी मानसाएवढी वाढली होती, फवारा सरळ तोंडावर येये, अंगात एक बनियन. मालक मास्क देत नाही आन् नाही म्हटलं तर उद्या दुसऱ्याले बोलावते. भेव असूनही जा लागते.

गुरुजी: मास्क मालकानंच द्यायचा, त्यात दुमत नाही. पण स्वतःच्याच वावरात, कोणाचं दडपण नसताना, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारणारे मी दरवर्षी पाहतो, आणि त्याच माणसाला धुऱ्यावर साप दिसला तर तो दहा हात लांब उडते.

पऱ्हाटीवाला: हे खरं आहे, माहा भाऊच तसा फवारते. पण मंग गुरुजी, पोरायले शाळेतच दाखवा ना, पत्रकं वाचून कोणी भेत नाही.