अनुभव धागा: हॅलोविन, चॉकलेटांच्या पलीकडचं

ऑक्टोबर संपत आला की आता पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही "मुलांना भुताचे कपडे घालून सातला खाली पाठवा" असे निरोप फिरतात. लगेच दुसरा गट तुटून पडतो, "हे अमेरिकन खूळ कशाला?" खूळ म्हणा हवं तर, पण मुळात ते अमेरिकन नाही. ही रात्र आयर्लंड-स्कॉटलंडकडची. तिथल्या जुन्या पंचांगात ३१ ऑक्टोबरचा सूर्य मावळला की साउइन लागायचा, म्हणजे हिवाळा. गुरं डोंगरावरच्या कुरणांतून खाली यायची, शेकोट्या पेटायच्या आणि या एका रात्री पलीकडच्यांना, म्हणजे मेलेल्यांना आणि भुताखेतांना, इकडे यायला वाट मोकळी असते, असं लोक मानायचे. पुढे चर्चने आठव्या-नवव्या शतकात सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला आणला. त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोविन.

एक सांगून ठेवते. साउइनबद्दलचं जुनं लिखाण ख्रिस्ती मठांमधून, बऱ्याच नंतर आलेलं आहे. तेव्हा "दोन हजार वर्षांची अखंड परंपरा" छापाच्या पोस्टी जरा बेतानेच घ्या.

तुम्ही राहता तिथे घरात, गल्लीत काय चालतं ते लिहा. मॉलमधले भोपळे नकोत.

डब्लिनहून

इथे शाळांना आठवडाभर सुट्टी असते आणि ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार सार्वजनिक सुट्टीचा. फटाके विकत घ्यायला आणि उडवायला सामान्य माणसाला बंदी, तरी महिनाभर आधीपासून रात्री धडामधुडूम चालू. दिवाळीला घरी न जाता आल्याचं दुःख तेवढंच कमी होतं! पोरं लाकडी पॅलेट्स (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटी) कुठे कुठे दडवून ठेवतात, नगरपालिकेचे लोक ती शोधून उचलून नेतात, आणि तरीही रात्री होळ्या पेटतातच. अग्निशमन दलाची वर्षातली ही सगळ्यात धावपळीची रात्र.

पण खरी मजा बार्मब्रॅकची. बेदाणे-मनुका रात्रभर चहाच्या पाण्यात भिजवून केलेला गोडसर पाव. पूर्वी त्यात अंगठी, नाणं, चिंधी, काडी आणि वाटाणा घालून भाजायचे. अंगठी निघाली तर वर्षात लग्न, वाटाणा निघाला तर यंदा नाही, नाणं म्हणजे पैका, चिंधी म्हणजे गरिबी, काडी म्हणजे नवराबायकोची भांडणं. दुकानातल्या ब्रॅकमध्ये आता नुसती अंगठी असते. आमच्या शेजारच्या आजी मात्र सगळं घालतात, बटरपेपरच्या पुड्या बांधून. सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांच्या वाट्याला चिंधी आली. आजी ओशाळल्या. सासूबाईंनी ती उलगडून पाहिली आणि म्हणाल्या, "सुती आहे. वातीला होईल."

ग्लासगोहून

स्कॉटलंडमध्ये दारात उभं राहून नुसता हात पुढे करायचा नसतो. इथे गायझिंग म्हणतात. वेष करून जायचं आणि काहीतरी सादर करायचं. गाणं, कविता, निदान एखादा पांचट विनोद. त्याशिवाय खाऊ नाही. (जुनी माणसं यावर फार कडक आहेत, आणि मला ते पटतं.) आमच्या लेकाने पहिल्या वर्षी हातवाऱ्यांसकट मराठी बडबडगीत म्हटलं. समोरच्या काकांना अक्षरही कळलं नसेल, पण त्यांनी "परत म्हण" म्हणून बायकोला आतून बोलावून आणलं.

भोपळ्याचा दिवा इथे नवा. जुना दिवा टर्निपचा, म्हणजे सलगमचा पिवळ्या गराचा थोरला भाऊ. आतून कोरताना चमचा वाकतो, मनगट भरून येतं. मेणबत्ती लावली की झाकण आतून भाजायला लागतं आणि घरभर कोबी करपल्यासारखा वास सुटतो. आयर्लंडमध्ये मेयो परगण्यातल्या संग्रहालयात अशा एका जुन्या टर्निप-भुताचा साचा ठेवलाय. त्याचे दात पाहिल्यावर अमेरिकन भोपळे अगदीच गोंडस वाटतात.

न्यू जर्सीहून

भोपळ्यांची बाजू मांडायला आले! भोपळा मूळचा इथलाच. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयरिश लोक लोंढ्याने इकडे आले, आणि टर्निपपेक्षा कोरायला सोपं फळ हाताशी होतं. दारोदार "ट्रिक ऑर ट्रीट" (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) करत फिरणं मात्र बरंच अलीकडचं, १९३० च्या आसपास पसरलेलं. मग महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं आणि ते थंडावलं.

२०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. पहाटे उटणं, संध्याकाळी व्हँपायरचे दात. इथला अलिखित नियम असा की पोर्चचा दिवा चालू असेल तर मुलांनी यायचं, बंद असेल तर पुढच्या घरी. आमच्या दारात पणत्या आणि आकाशकंदील! चॉकलेटं संपली तरी रांग हटेना. बरं, चकल्या द्याव्यात तर पाकीटबंद नसलेलं पालक सरळ कचऱ्यात टाकतात. शेवटी ओळखीच्या पोरांनाच चकल्या दिल्या, बाकीच्यांना पेन्सिली. पेन्सिली घरात असतातच, कारण धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दाराशी निळसर-हिरवा भोपळा दिसला तर त्या घरी खाऊखेरीज दुसरं काही मिळतं, अशी खूण इथे गेल्या दहा-बारा वर्षांत रुजली आहे. ज्यांच्या घरी ॲलर्जी आहे त्यांनाच त्या भोपळ्याची किंमत कळेल.

वसईहून

आम्ही मराठी बोलणारे कॅथलिक. आमच्याकडे भुतं नाहीत, पण त्याच सणाचा पुढचा भाग आहे. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, २ तारखेला आपल्या मेलेल्या माणसांचा दिवस. आधी कबरींवरचं गवत काढायचं, क्रूस धुवायचा. मग फुलं आणि मेणबत्त्या. फादर पवित्र पाणी शिंपडत जातात. वारा असला की अर्धा वेळ विझलेल्या मेणबत्त्या पुन्हा लावण्यातच जातो, आणि शेजारच्या कबरीवरची विझली तर तीही आपणच लावायची. ३१ तारखेला पोरं हाडांचे सापळे रंगवलेले टीशर्ट घालून फिरतात, त्यावर माझी आई म्हणते, "परवा याच, खरे दाखवते."

पणजीहून

आमचा नरकासुर वेगळा, कृपया हॅलोविनमध्ये ढकलू नये. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्रभर त्याचा पुतळा मिरवायचा, स्पर्धा, कानठळ्या बसवणारे स्पीकर, पहाटे जाळायचा. बस.

साताऱ्याहून

आपल्याकडे पितृपक्ष आहे की. मग हे कशाला?

धागाकर्ती

नका करू, सक्ती कुठे आहे? पण आयर्लंडमधल्या खेड्यांत त्या दिवसांत घरातल्या गेलेल्यांसाठी रात्री दाराला कडी घालत नसत, चूल पेटती ठेवून टेबलावर एक जागा मांडत. आपल्याकडे पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्यांना यात परकं काय वाटावं, मला तरी कळत नाही.

नाशिकहून

ग्लासगोवाल्या ताई, मुलीला टर्निपचा दिवा करायचाय. इथे कुठे मिळेल?

ग्लासगोहून

तो मिळणं कठीण. मोठ्यात मोठं बीट घ्या, पण बुड सपाट कापा, नाहीतर गडगडतं. वरचं झाकण कापून चमच्याने खरवडत जा, भिंत बोटभर जाड ठेवा आणि झाकणाला धुराचं भोक पाडा. खरवडलेल्याची कोशिंबीर होते. फक्त ओट्यावर आधी वर्तमानपत्र पसरा.