नेरुळला १०० चौमी प्लॉटवर घर: आधी बँक, नकाशा की माती तपासणी?

पामबीचवाला:
नेरुळमध्ये खाडीच्या बाजूला सिडकोचा (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) १०० चौमीचा प्लॉट आहे, वडिलांच्या नावावर. ते हयात नाहीत. वारस तिघे: आई, बहीण आणि मी. तळ अधिक दोन मजले, मिळून १६०० चौफूट बांधायचं आहे. हाताशी १८ लाख, बाकी गृहकर्ज. ठेकेदार २६०० रुपये चौफूट "सगळं धरून" म्हणतो. आर्किटेक्टकडून एलिव्हेशनची (दर्शनी बाजूची) थ्रीडी चित्रं आली आहेत. दसऱ्याला भूमिपूजन करायचा आईचा आग्रह आहे. आता मे संपत आलाय.

१) आधी बँकेकडे जायचं की नकाशा मंजूर करून घ्यायचा?
२) एवढ्याशा घराला माती तपासणी लागते का? ठेकेदार म्हणतो शेजारी आठ फुटांवर मुरूम लागला होता.
३) १८ लाख पुरतील का?

कागदवाला:
आधी नाव. बँक आणि नकाशा दोन्ही त्याच्यामागून. सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने असते, म्हणजे मालक सिडको आणि तुम्ही पट्टेदार. वडिलांच्या नावावर करार असताना तुमच्या सहीने नकाशा दाखल होणार नाही आणि प्लॉट गहाणही टाकता येणार नाही. वारस प्रमाणपत्र काढून सिडकोच्या दप्तरी तिघांची नावं लावून घ्या. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच करा, स्टॅम्पपेपरवर सही करून नोटरी केलेलं चालत नाही. ज्यांची नावं लागतील त्या सगळ्यांना बँक सहकर्जदार करून घेते, हे बहिणीला आत्ताच सांगून ठेवा. तिला उद्या स्वतःच्या घरासाठी कर्ज हवं असेल तर हा हप्ता तिच्याही खात्यात मोजला जाईल.

मूळ करारात बांधकामाची मुदत लिहिलेली असते. ती उलटून गेली असेल तर मुदतवाढीसाठी अतिरिक्त भाडेपट्टा अधिमूल्य भरावं लागतं, आणि जुन्या प्लॉटवर तो आकडा चांगलाच मोठा निघू शकतो. १८ लाखांची वाटणी करायच्या आधी सिडकोकडून हा हिशेब लेखी घ्या.

तुम्हाला दारं दोन आहेत, लोक इथेच गोंधळतात. बांधकाम परवानगी नवी मुंबई महापालिकेची, गहाणखतासाठी ना हरकत सिडकोची. एक मिळालं म्हणून दुसरं सुटत नाही. २०२० च्या एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौमीपर्यंतच्या भूखंडाला सोय आहे: परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा नियमातला नकाशा द्यायचा, शुल्क भरायचं, पावती हीच परवानगी. पण त्या पावतीवर भागेल का हे बँकेच्या तांत्रिक विभागाला आधी विचारा. शिक्क्याचा नकाशा मागितला तर रीतसर प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करायचा परवाना) काढा. ते एक वर्ष चालतं, पुढे दरवर्षी नूतनीकरण, असं तीनदा.

शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेलं घर वापरायची परवानगी). करार आत्ता 'अॅग्रीमेंट टू लीज' आहे. बांधकाम पुरं होऊन भोगवटा मिळाल्यावरच पक्का भाडेपट्टा होतो. नकाशाबाहेर एक बाल्कनी ओढली की हे सगळं अडकतं.

हप्तेवारी:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देतो. १६०० × २६०० = ४१.६ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ८० टक्के मर्यादा आहे, म्हणजे जास्तीत जास्त ३३.२८ लाख. तुमचे ८.३२ लाख. कागदावर १८ लाख भरपूर वाटतात.

आता "सगळं धरून" फोडा. मालासकट ठेका असेल तर १८ टक्के जीएसटी. तो दरात नसेल तर थेट साडेसात लाख वर. एकाच स्वतंत्र निवासी घराचा निव्वळ मजुरीचा ठेका दिला तर मजुरीवर जीएसटी माफ आहे, मालावरचा तुम्ही दुकानात भरताच. सिमेंटवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के लागतो, तेव्हा जुन्या कोटेशनवरून भाव करू नका. पण मजुरीचा ठेका म्हणजे माल मागवणं, मोजणं, राखणं तुमच्या गळ्यात. रोज साइटवर कोणी उभं राहणार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आणि १६०० चौफूट कसला? नकाशातला की स्लॅबचा? बाल्कनी, जिन्याची वरची खोली, छज्जे धरून ठेकेदाराचा आकडा वाढतो. करारात लिहा: मोजमाप कशाचं, आणि पाण्याची टाकी, कंपाउंड, गेट, पायलिंग (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांचा पाया) आत की बाहेर. "पाया मुरुमापर्यंत" एवढंच लिहिलेलं असलं तर पायलिंग हमखास बाहेर असतं.

बँकेचे पैसे कामाच्या मागून येतात: आधी तुमचा हिस्सा संपवा, मग जोता, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, प्लास्टर असे टप्पे. त्यांचा इंजिनिअर बघून गेल्यावर रक्कम सुटते, त्यात दहापंधरा दिवस जातात. ठेकेदाराला २० टक्के आगाऊ हवे असतील आणि बँकेचा पहिला हप्ता जोत्यानंतर असेल, तर मधलं भगदाड तुमच्या खिशातून भरायचं. म्हणून ठेक्याचे टप्पे बँकेच्या मंजुरीपत्रातल्या टप्प्यांवरूनच लिहा. शेवटचे ५ टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, गच्ची गळते की नाही ते जूनमध्येच कळतं.

कर्ज सुटेल तसं फक्त सुटलेल्या रकमेवर व्याज. साडेआठ टक्के धरा: १० लाख सुटले की महिना सुमारे ७,१००, पूर्ण ३३ लाखांचा २० वर्षांचा हप्ता साधारण २८,६००. भाड्याने राहत असाल तर तेवढे महिने दोन्ही चालू. १८ लाखांपैकी साडेआठ मार्जिन (तुमचा हिस्सा), पाच राखीव, उरलेले शुल्क, आर्किटेक्ट, तपासणी, जोडण्या. जीएसटी बाहेर निघाला तर हे बसत नाही, मग दुसरा मजला सध्या फक्त सांगाडा ठेवा.

पायाखालचा:
माती तपासणी लागतेच. नेरुळ एका जातीची जमीन नाही. महामार्गाच्या अंगाला कातळ वर आहे, पाम बीचच्या अंगाला खाडीचा काळा चिखल आणि त्यावर टाकलेला भराव. शेजाऱ्याला आठ फुटांवर "मुरूम लागला" तो कदाचित भरावाचाच मुरूम. कुदळीला दोन्ही सारखेच लागतात.

दोन बोअर (तपासणीची खोल भोकं) घ्या, प्लॉटच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, कातळात तीन मीटर शिरेपर्यंत. एसपीटी (जमीन किती घट्ट आहे ते पाहणारी चाचणी) करून घ्या: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतो, नळी ४५ सेंमी आत जाते, त्यातल्या शेवटच्या ३० सेंमीचे ठोके मोजतात. मऊ चिखलात दोनतीन ठोक्यांत खेळ संपतो. अहवालात भूजलाची पातळी आणि माती-पाण्यातलं क्लोराइड, सल्फेट मागा, ते बहुतेक जण विसरतात. चिखल जाड निघाला तर पाइल. भराव अजून बसत असेल तर तो पाइललाही खाली ओढतो, हे डिझाइनमध्ये धरलंय का ते विचारा. हा अहवाल हातात नसताना पायाचा दर ठरवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

खाडीच्या हवेत काँक्रीट एम३० (ताकदीची प्रत) मागा. पण खरा घोळ कव्हरमध्ये (सळीवरच्या काँक्रीटच्या थरात) होतो. स्लॅबच्या सळीखाली खडीचा तुकडा किंवा फुटकी टाइल सरकवतात. ओतताना माणूस त्यावर पाय देतो, तुकडा निसटतो, सळी थेट फळीवर बसते. फळी काढल्यावर खालून गंजाची रेघ आधीच काढलेली असते, दिसायला काही वर्षं लागतात इतकंच. सिमेंटचे कव्हर ब्लॉक आदल्या आठवड्यात पाडून पाण्यात ठेवलेले हवेत: स्लॅबला आणि कॉलमला किमान ४५, फुटिंगला (पायाच्या बैठकीला) ५० मिमी. बाइंडिंग वायरची टोकं आत वळवलेली. कॉलमच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत. ९० अंशांत वळवलेले दिसले तर ओतकाम थांबवा. बोअरवेलचं खारं पाणी मिश्रणाला नको, क्लोराइड लिटरला ५०० मिग्रॅच्या आत हवं.

पामबीचवाला:
म्हणजे दसरा सोडून द्यायचा? आणि स्टील-सिमेंट किती लागेल, ठेकेदाराचा आकडा तपासायला?

हप्तेवारी:
पायलिंग सोडून अंदाज: स्टील चौफुटाला ४ किलो, म्हणजे ६.४ टन. सिमेंट ०.४ ते ०.४५ गोणी, म्हणजे ६४० ते ७२० गोण्या. वाळू-खडी ब्रासमध्ये, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, ट्रकचा हौदा टेपने मोजून घ्या. सळीचं वजन: व्यास मिमीत, त्याचा वर्ग, भागिले १६२. १२ मिमीची १२ मीटरची सळी १०.६७ किलो भरली पाहिजे. वजनकाट्याची पावती दुकानदाराच्या ओळखीच्या काट्यावरची नको.

पायाखालचा:
दसरा कशाला सोडता? जून ते सप्टेंबर कागद, बोअर आणि डिझाइन. पावसात बोअर घेतला तर उलट पाण्याची सर्वात वरची पातळी दिसते. दसऱ्याला पूजा करा, पण खोदाई जमीन जराशी सुकल्यावर. डिसेंबरात जोता, त्याची पालिकेकडून तपासणी, एप्रिलपर्यंत तिसरा स्लॅब, मेमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग. सिडकोकडे नाव लागायला उशीर झाला तर मात्र खोदून ठेवू नका. उघडा खड्डा आणि खाडीचं पाणी, शेजारची भिंत खचली तर तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.

कागदवाला:
पूजेला नारळ फोडा, खड्डा नको. प्रारंभ प्रमाणपत्राआधी जेसीबी लावू नका. आणि थ्रीडी चित्रांचे पैसे अजून दिले नसतील तर स्ट्रक्चरल डिझाइन येईपर्यंत थांबवा, कॉलम सरकला की ती चित्रं पुन्हा काढायची आहेत.