पूजा रोज होते पण देव जवळचा वाटत नाही, काय करू?

पहाटवारा:
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी बाबा गेले आणि देवघर माझ्याकडे आलं, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि पितळेचे छोटे विठ्ठल-रखुमाई. बाबांना पूजेला अर्धा तास लागायचा, सहाणेवर चंदन उगाळल्याचा आवाज आला की आम्ही उठायचो. माझी पूजा सात मिनिटांत उरकते. देव ताम्हणात घेतो, नळाचं पाणी घालतो, पुसतो, बाटलीतलं गंध लावतो आणि डोक्यात नऊची मीटिंग चालू असते. काल तर एका हाताने निरांजन ओवाळत दुसऱ्या हाताने मोबाईल बघितला आणि एकदम इतकी लाज वाटली की तिथेच बसून राहिलो. श्रद्धा आहे हो, संकटात त्याचंच नाव तोंडात येतं, पण फक्त संकटातच येतं. बाबांना देवाबद्दल जो आदर होता, जी ओढ होती, ती मला कशी लागेल?

चंद्रभागा_६२:
बाळा, तुझं वाचून आधी तुझ्या बाबांना नमस्कार केला. एक सांगते. पंढरपूरला आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात, मग शेजारती नाही, झोप नाही, देव रात्रंदिवस उभा, लेकरं लांबून चालत येणार म्हणून. पाठीशी लोड देतात कारण तो दमणार. आणि गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा असते, तेव्हा पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने न्हाऊ घालतात आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. देवाला काढा! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाईंसमोरच डोळे भरून आले होते. आपण त्याला मागत असतो फक्त, आणि इथे कोणीतरी त्याचे पाय दुखले असतील म्हणून जागं आहे. तेव्हापासून मी घरच्या देवांना थंडीत गार पाणी घालत नाही, कोमट घेते आणि आधी हात बुडवून बघते. नैवेद्याचं आधी चाखत नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर आपण जसं वागू तसंच. तू चंदनाचं खोड आण बाबा, बाटली बाजूला ठेव. तीन मिनिटं जातात उगाळायला पण त्या तीन मिनिटांत हात त्याच्यासाठी काहीतरी करत असतात ना, मन आपोआप मागे येतं.

रातपाळी:
काकूंचं अगदी पटलं पण माझी बाजू थोडी वेगळी आहे. मी नर्स आहे, शिफ्ट फिरत्या, नाईट करून आले की देवघरापुढे उभं राहायचीही ताकद नसते, आणि बरीच वर्षं मला वाटायचं की पूजा नाही म्हणजे आपण देवाच्या लांब. मग पंढरपूरला नामदेव पायरीपाशी गेले. तिथेच चोखोबांची समाधी आहे. ज्याला आयुष्यभर आत जाऊ दिलं नाही त्याची समाधी महाद्वारासमोर, आणि ते देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. चोखोबांना मूर्तीला हात लावायला मिळाला नाही, गंध नाही, ताम्हण नाही, तरी त्यांच्याइतकं जवळ कोण होतं सांगा. मी आता पंढरीला गेले की गाभाऱ्यापेक्षा त्या पायरीपाशी जास्त वेळ थांबते. दादा, साधन कमी पडलं तरी चालेल, पण मान कमी पडू देऊ नका. मी बसमध्ये हरिपाठ म्हणते, त्याची सुरुवातच देवाच्या दारी क्षणभर उभं राहण्यापासून आहे, क्षणभरच, पण त्या क्षणात दुसरं काही नको. आणि वारीत लहानथोर सगळे एकमेकांना माऊली म्हणून पाया पडतात तसं मी वॉर्डमध्ये मनातल्या मनात करते, प्रत्येक पेशंटला. चिडचिड होते अशा दिवशी तर मुद्दाम करते.

ओवी_आणि_मी:
मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, तेवढं आजपासून. आणि कोरडे दिवस येतील, रडू येणार नाही, काही जाणवणार नाही, तेव्हा स्वतःला खोटं म्हणू नका. तुकोबांनीसुद्धा देवाशी भांडण केलंय, का भेटत नाहीस म्हणून. जवळच्याशीच भांडतो ना माणूस.

पहाटवारा:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काकू, आज कोमट पाणी घेतलं. आणि बाबांच्या पूजेच्या डब्यात तळाशी खोड सापडलं, एका बाजूने झिजून तिरकं झालेलं, त्यांच्या हाताच्या सवयीने. त्याच बाजूने उगाळलं. अजून एक विचारायचं होतं, ऑफिसच्या टूरवर चार-पाच दिवस जावं लागतं, घरी दुसरं कोणी नसतं, तेव्हा देवांचं काय करायचं?

चंद्रभागा_६२:
जिथे असशील तिथे त्याच वेळेला डोळे मिटून मानसपूजा कर, मनातच आंघोळ घाल, गंध लाव, घाई न करता. आणि निघताना देवघरापाशी उभा राहून सांगून निघ, अमुक दिवशी येतो म्हणून, घरातल्या मोठ्यांना सांगतो तसं. खोड पुसून कोरडं करून ठेव हो, पावसाळ्यात बुरशी धरतं.