शिंजीर 'संकटसमीप' असतानाच हातपाय हलवायचे की आणखी थांबायचं?

रानवाट, फोंडा
प्लेन-बॅक्ड सनबर्ड हा पूर्व आफ्रिकेच्या किनारी जंगलातला शिंजीर. नराचा गळा गर्द निळा, पोट पिवळं. उंच झाडांत किडे टिपत फिरतो, त्यामुळे अंगणात जास्वंद लावून याचं भागत नाही. उभं जंगलच लागतं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो 'संकटसमीप' आहे, म्हणजे 'असुरक्षित' गटाच्या एक पायरी अलीकडे.

केनियातल्या अराबुको-सोकोके जंगलात तो आढळतो. तिथे १९९३ साली 'किपेपेओ' प्रकल्प सुरू झाला. जंगलाच्या कडेचे शेतकरी फुलपाखरांचे कोष वाढवतात आणि ते युरोप-अमेरिकेतल्या फुलपाखरू उद्यानांना विकले जातात. जंगल तुटलं की ही कमाईही बुडते. माझं ठाम मत आहे, काम याच पायरीवर व्हायला हवं. पक्षी हाताबाहेर गेल्यावर पैसा ओतून काय उपयोग? आपल्या गोव्यातल्या सत्तरी-सांगेतही असं काही उभं राहावं.

काजूवाला, सत्तरी
आफ्रिकेचं ठीक आहे. आपल्याकडचा क्रिमसन-बॅक्ड सनबर्ड फक्त पश्चिम घाटातला, तरी त्याच यादीत 'चिंता नाही' गटात आहे. मग घाई कसली? जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करा म्हटलं, तेव्हापासून अभयारण्यातल्या गावांना झोप नाही. वनहक्काचे दावे पडून आहेत. उद्या शिंजिराच्या नावाने आणखी एक रेघ मारली तर आम्ही जायचं कुठे?

दूधसागर
दादा, रेघ नेहमी शेतकऱ्यालाच अडवते असं नाही. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. अभयारण्य नसतं तर त्या मंजुरीची गरजच पडली नसती.

काजूवाला, सत्तरी
रेल्वेला वकील मिळतात. माझ्या काजूला कोण देणार?

कुळागरातली
किपेपेओबद्दल मला शंका आहे. सगळी भिस्त परदेशी गिऱ्हाइकावर. मागणी बसली की शेतकरी परत कोयता घेणार.

आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-मिरीच्या बागेत, मिरीच्या वेलाला शिंजिराचं घरटं लोंबतं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, मुठीएवढं. बांडगुळाच्या फुलांवर तो सारखा असतो. बांडगूळ झाड खातं, म्हणून काजू-आंब्यावरचं आम्ही काढतोच. बांधावरच्या जंगली झाडावरचं मात्र ठेवतो. याला ना प्रकल्प लागला ना अधिसूचना.

रानवाट, फोंडा
ताई, कुळागर विकून तिथे प्लॉट पडले तर तुमचा बांध कोण राखणार? म्हणूनच कमाईची जोड हवी, आणि ती एकाच मालावर नको हे मान्य. काजूवाले दादा, दावे आधी निकाली निघावेत ही मागणी माझीही आहे. पण 'चिंता नाही' म्हणजे पुढेही नाही, असा अर्थ काढू नका. तो शिक्का सगळ्या घाटाचा हिशेब धरून आहे, तुमच्या गावचा नाही.

काजूवाला, सत्तरी
दावे आधी, हे ग्रामसभेत येऊन बोला. मग कोषांचं ऐकून घेऊ.