बीटी वांग्यासारख्या प्रश्नांवर सामान्य माणसाला विचारावं का?

मुठाकाठ: बीटी वांगं म्हणजे किडीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं वांगं. अशा पिकांना मंजुरी देणाऱ्या जीईएसी या केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला हिरवा कंदील दिला. मग तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांचं ऐकलं (महाराष्ट्रात फक्त नागपूर, पुणे नाही) आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली. म्हणजे वरातीमागून घोडं. डेन्मार्कात १९८७ पासून वेगळी रीत होती: वय, शिक्षण, पेशा यांची सरमिसळ साधून पंधराएक माणसं निवडायची, दोन शनिवार-रविवार तयारी, मग तज्ज्ञांची जाहीर उलटतपासणी. अहवाल त्या माणसांनीच लिहायचा. पुण्यात जीएम (जनुकात बदल केलेल्या) पिकांवर हे करून बघावं. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय. तज्ज्ञांना तोटा नाही.

पेठेतला_शंकेखोर: उंदरांवरच्या ९० दिवसांच्या चाचणीतले आकडे पंधरा जण दोन वीकेंडमध्ये तपासणार? काहीतरीच.

मुठाकाठ: आकडे तज्ज्ञांनीच तपासावेत. पण परागकणांमार्फत जनुक शेजाऱ्याच्या देशी वाणात गेलं तर भरपाई कुणी द्यायची? पुढच्या हंगामाला बी राखता येईल का? भाजीवर लेबल हवं का? यात विषशास्त्रज्ञाचं मत माझ्याइतकंच.

औंधकर_७: प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जी जनसुनावणी होते तिचे नियम आठवा. ३० दिवसांची नोटीस लागते, कोरमची (किमान हजेरीची) अट नाही. सारांश मराठीत, मूळ अहवाल जाडजूड इंग्रजी. माईक ज्याच्या हाती लागला त्याचीच सुनावणी. पुण्याच्या विकास आराखड्यावर २०१३ मध्ये ८० हजारांहून जास्त हरकती आल्या. एकेकीला किती मिनिटं मिळाली असतील, हिशेब करा. त्यापेक्षा पंधरा जण परवडले. मात्र नावं मतदार यादीतून सोडतीने काढा, बुडालेली रोजी भरून द्या, आणि कुणी नकार दिला तर त्याच वयोगटातला, त्याच पेशातला दुसरा घ्या. नाहीतर उरतील कोथरूडचे पेन्शनर आणि एनजीओवाले.

पेठेतला_शंकेखोर: आणि तयारीची पुस्तिका कोण लिहिणार? खरी मेख तिथेच आहे. बियाणं कंपनीने लिहिली तर उत्पादनावर वीस पानं आणि बियाण्याच्या मालकीवर दोन ओळी.

औंधकर_७: दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून लिहायची, जिथे पटत नाही तिथे दोन्ही मतं शेजारी-शेजारी छापायची. साक्षीला कुणाला बोलवायचं ते पंधरा जणांचं मंडळ ठरवेल, आयोजक नाही.

पेठेतला_शंकेखोर: एवढं होत असेल तर विरोध सोडतो, पण एका अटीवर. मंडळाची शिफारस नाकारली तर मंत्रालयाने ९० दिवसांत मुद्देनिहाय लेखी कारण द्यायचं. ते नसेल तर हॉलचं भाडं वाया.