मदत हवी आहे: क्रिकेटचे इंग्रजी इडियम्स शिकवून झाले, बेसबॉलचे कसे शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. इडियम्सचे अर्थ मुलं घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. म्हणून यंदा क्रिकेटमधून आलेले इडियम्स आधी घेतले. १८५८ साली शेफील्डला एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि वर्गणी काढून त्यांना हॅट देण्यात आली, त्यातून 'हॅटट्रिक' आली, हे ऐकताच मागचे बाकसुद्धा सावरून बसले.

खरी गंमत 'नॉक्ड हिम फॉर सिक्स'ला आली. 'द न्यूज नॉक्ड हिम फॉर सिक्स' म्हणजे काय? सगळा वर्ग म्हणाला, बातमी ऐकून त्याला खूप आनंद झाला! षटकार म्हटलं की आपण फलंदाजाच्याच बाजूने बघणार ना. इथे मात्र तो माणूस मार खाणाऱ्याच्या जागी आहे. बातमीने त्याला असा तडाखा दिला की पायाखालची जमीन सरकली. हे एकदा कळलं आणि मुलांनी स्वतःहून चार वाक्यं करून दाखवली.

'स्टिकी विकेट' समजावताना, उघड्या खेळपट्टीवर पाऊस पडून वर ऊन आलं की चेंडू कधी उसळतो, कधी खाली राहतो आणि फलंदाज कात्रीत सापडतो, एवढं पुरलं.

आता अडलंय ते बेसबॉलपाशी. 'ऑफ हिज ओन बॅट' क्रिकेटचा: बाय, लेगबाय सोडून स्वतःच्या बॅटने काढलेल्या धावा, म्हणून कुणी न सांगता, आपणहून केलेलं काम. पण 'राइट ऑफ द बॅट' म्हणजे लगेच, सुरुवातीलाच, आणि तो अमेरिकेकडचा, बेसबॉलचा. दोन्हीकडे बॅट असल्यामुळे हुशार मुलंही दोन्हींची सरमिसळ करतात. 'कर्व्हबॉल'चं, म्हणजे अचानक समोर आलेल्या अडचणीचं, निभावलं, गुगलीचं नाव काढलं की झालं. मात्र पुढचे तीन मला मनासारखे सांगता येत नाहीत:

'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क साधणे. धावणाऱ्याला बेसला, म्हणजे मैदानावरच्या ठरलेल्या टप्प्याला, स्पर्श करावा लागतो हे माहीत आहे, पण तो तिथे किती थांबतो, पुढे कधी पळतो?

'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. बॉलपार्क म्हणजे मैदान, मग अंदाजाचा संबंध मुलांना कसा पटवावा?

'आउट ऑफ लेफ्ट फील्ड' म्हणजे ध्यानीमनी नसताना. डावीकडूनच का? उजवीकडून का नाही?

अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथले सामने बघणाऱ्या मंडळींनी कृपया मैदानावर नेमकं काय घडतं ते साध्या मराठीत सांगावं. व्युत्पत्तीबद्दल मतभेद असतील तर तेही लिहा, मुलांना मी तसंच सांगेन. फळ्यावर काढता येईल अशी मैदानाची साधी आकृती कुणी दिली तर फारच उपकार होतील. पुढच्या आठवड्यात हाच भाग घ्यायचा आहे.