गॉथिक रॉक ऐकायला घेतोय: पहिला अल्बम कोणता, आणि परीक्षण कुणाचं मानू?

चरईचे_बाबा
मंडळी, वय ५३, मुक्काम ठाणे, कान गडकरी रंगायतनात घडलेले. रॉकशी संबंध म्हणाल तर कॉलेजात मित्राच्या वॉकमनवर ऐकलेला पिंक फ्लॉइड. तोही अर्धाच, सेल संपले.

लेक नेरूळला इंजिनिअरिंगला आहे. सहा महिन्यांत तिच्या कपाटातून काळा सोडून सगळे रंग हद्दपार झाले, आणि मग कळलं की ती गॉथिक रॉक, म्हणजे काळोखी, नाट्यमय रॉक, वाजवणाऱ्या एका बँडमध्ये बेस (खालच्या सुरांची गिटार) वाजवते. मी एकदा "हे काय रडकं वाजवता?" म्हणून बसलो. त्यावर उत्तर आलं, "बाबा, द लास्ट डिनर पार्टीचा पहिला अल्बम पूर्ण ऐक, मग बोलू." रविवारी जेवायला येतेय. म्हणजे तोंडी परीक्षा.

माझी खोड अशी की नाटकाचं तिकीट काढण्याआधीही मी परीक्षण वाचतो. इथेही तेच केलं आणि गोंधळ वाढला. कुणी डोक्यावर घेतलंय, कुणी म्हणतंय हे सगळं कंपनीने उभं केलेलं सोंग आहे. खरं काय? आणि या जातकुळीतले आणखी कुठले पहिले अल्बम ऐकू?

सीवूड्सकर
बाबा, हा लंडनचा बँड, अल्बमचं नाव 'प्रिल्यूड टू एक्स्टसी', २ फेब्रुवारी २०२४ चा. गोंधळाचं मूळ तारखांमध्ये आहे. यांचं पहिलं गाणं 'नथिंग मॅटर्स' आलं एप्रिल २०२३ मध्ये. अल्बम यायच्या आधीच ब्रिट्सचा (ब्रिटनचे मोठे संगीत पुरस्कार) 'रायझिंग स्टार' आणि बीबीसीचा 'साउंड ऑफ २०२४' हे दोन्ही मान यांच्या पदरात. त्याहून कहर म्हणजे २०२२ च्या उन्हाळ्यात, एकही गाणं प्रसिद्ध नसताना, हाइड पार्कला रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवून आलेल्या. लोकांच्या पोटात दुखणारच. मग 'इंडस्ट्री प्लांट' हा शब्द चिकटला, म्हणजे कंपनीने नर्सरीत वाढवून आणून ठेवलेली कुंडी. बँडने ते साफ नाकारलं. त्या आधी लंडनच्या छोट्या जागांमध्ये वाजवत होत्या, त्याचे व्हिडिओ आजही सापडतात.

परिणाम असा की बरीच परीक्षणं अर्ध्यापर्यंत कुंडीबद्दलच बोलतात. फूल कसं आहे ते नंतर. एकूण स्वागत मात्र जोरदार झालं: ब्रिटनमध्ये थेट पहिला क्रमांक, त्याच वर्षी मर्क्युरी पारितोषिकाच्या (वर्षातल्या उत्तम अल्बमसाठीचं) यादीत, आणि २०२५ ला ब्रिट्समध्ये 'न्यू आर्टिस्ट'.

घोडबंदर_ट्रॅफिक
पैठणी नेसून दिवाळी पहाटेला आल्यासारखे कपडे करतात त्या पोरी, एवढंच मला माहीत. हलके घ्या.

खर्जातला_सा
कपड्यांवरून हसू नका, या प्रकारात वेशभूषा पहिल्या दिवसापासून आहे.

बाबा, तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात करा. बाउहाउस हा बँड. इंग्लंडातल्या नॉर्दॅम्प्टनचे चौघे, नाव जर्मनीतल्या कलाशाळेवरून घेतलेलं. १९७९ चं 'बेला लुगोसीज डेड' हे पहिलं गाणं नऊ मिनिटांच्या वर. ड्रमच्या काठावर टकटक, खाली उतरणारे बेसचे मोजके स्वर, वर गिटारचे ओरखडे. तीन मिनिटं होत आली तरी गाणारा तोंड उघडत नाही. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला याचं नवल वाटू नये. आपल्याकडे आलापाला कुणी 'गाणं कधी सुरू होणार' विचारत नाही. (म्हणजे विचारतात, पण हळू आवाजात.)

गंमत पुढे आहे. १९८० मध्ये पहिला अल्बम आला, 'इन द फ्लॅट फील्ड'. हे गाजलेलं गाणं त्यात घेतलंच नाही! ब्रिटनच्या संगीत साप्ताहिकांनी अल्बम झोडपला: आव फार, नाटकीपणा फार. तरीही स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. आज गॉथिक रॉकचा इतिहास लिहायचा तर त्याला वगळून चालत नाही. माझं मत विचाराल तर समीक्षकांनी वर्णन बरोबर केलं होतं, निकाल चुकवला. नाटकीपणा आहेच, भरपूर आहे, तोच तर माल आहे. संगीत नाटकाला 'मधेच गातात' म्हणून नापास करण्यासारखं झालं ते.

कळवा_फास्ट
+१. एक भर घालतो. या प्रकारातलं कुठलंही परीक्षण उघडा, तिसऱ्या ओळीत 'जॉय डिव्हिजन' या जुन्या इंग्लिश बँडचं नाव येतं. त्यांचा १९७९ चा 'अननोन प्लेझर्स' म्हणजे घराण्याचा मूळपुरुष. २००२ ला न्यूयॉर्कच्या इंटरपोलचा पहिला अल्बम आला, 'टर्न ऑन द ब्राइट लाइट्स'. तुलना तीच, पण पिचफोर्क या संगीत-परीक्षणाच्या साइटने १० पैकी ९.५ दिले आणि वर्षातला सर्वोत्तम ठरवला. २००९ ला लंडनच्या व्हाइट लाइज्चा 'टू लूज माय लाइफ' आला, थेट पहिल्या क्रमांकावर. पुन्हा तीच तुलना, पण या वेळी अनेकांनी नाक मुरडून केलेली. एकाला 'वारसा' म्हणायचं, दुसऱ्याला 'नक्कल'. म्हणून परीक्षणात फक्त नावांची माळ दिसली तर मी पान बंद करतो. बेस कसा वाजतोय, आवाज कुठे ठेवलाय, हे लिहिलं असेल तर वाचतो.

आणि कृपया फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस ऐकूच येणार नाही. जॉय डिव्हिजनमध्ये पीटर हुक बेसवर चक्क चाल वाजवतो, वरच्या पट्टीत, आणि गिटार मागे उभी असते. तुमची लेक जे वाजवते तेच तेवढं गायब होईल.

सीवूड्सकर
माझी तक्रारही नोंदवतो, नाहीतर भक्त म्हणाल. 'प्रिल्यूड'मध्ये प्रत्येक गाण्याला शेवटाकडे फटाक्यांची माळ लावायचीच असा नियम असल्यासारखं वाटतं. सातव्या-आठव्या गाण्यापर्यंत कान थकतात.

चरईचे_बाबा
आज ऐकला. पनवेलला काम होतं, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली, खिडकी मिळाली, शेजाऱ्याकडून इअरफोन उसने आणले होते. ऐरोलीच्या आत पहिला धक्का: सुरुवातीला अख्खा वाद्यवृंद, गाणं नाहीच. ही तर नांदी! पुढे येणाऱ्या खेळाची हवा तयार करणं, दुसरं काय. एका गाण्यात बासरी आहे (पाश्चात्त्य, आडवी चांदीची), तिथे तुर्भे आलं. फटाक्यांबद्दल सीवूड्सकरांशी सहमत, पण मला थकवा नाही आला. आम्ही तीन-तीन तासांची नाटकं बघितलीत.

मधे एक छोटंसं गाणं लागलं, 'ग्युहा'. शब्द कळेनात, इंग्रजी वाटेना. घरी येऊन शोधलं तर अल्बेनियन. कीबोर्ड वाजवणाऱ्या अरोरा निशेव्त्सीचं घर मूळचं कोसोव्होतलं. शब्दाचा अर्थ जीभ, भाषा. आपली घरची भाषा आपल्याला धड येत नाही, ही तिची खंत. माझ्या मुलीला आम्ही इंग्रजी माध्यमात घातलं. आजीचं पत्र ती अजून अक्षर लावत वाचते. बेलापूर गेलं, अल्बम संपला, तरी मी इअरफोन काढले नव्हते, एवढंच सांगतो.

वाचलेल्या परीक्षणांपैकी एकातही हे गाणं ठळकपणे दिसलं नव्हतं. की मीच कपड्यांबद्दलचा मजकूर वाचत बसलो?

खर्जातला_सा
आता बाउहाउस घ्या. रात्री, दिवे मालवून. सोसायटीवाल्यांना आधी कळवा.

घोडबंदर_ट्रॅफिक
बाबा, तुम्हीच परीक्षण लिहा. पैठणीचे शब्द मागे घेतो, आज माजिवड्याच्या पुलावर अडकल्या अडकल्या अख्खा अल्बम झाला. ठीक आहे. बरा आहे. ते 'सिनर' दोनदा लावलं.

चरईचे_बाबा
रविवार पार पडला. आमटी वाढता वाढता 'ग्युहा'चा विषय काढला. लेक थांबली, म्हणाली, "ते तर सगळे पुढे ढकलतात." मग जेवणानंतर तिने स्वतःच्या बँडचं कच्चं रेकॉर्डिंग ऐकवलं. बेस ऐकू आला. गाणारा पोरगा जरा बेसूर आहे, पण ते मी बोललो नाही. पुढच्या महिन्यात गाणं टाकणार आहेत. मी म्हटलं, टोपणनावाने परीक्षण लिहू का? तर म्हणे, "नको बाबा. 'नांदी' शब्द आला की सगळ्यांना कळेल."

इअरफोन शेजाऱ्याने परत मागितलेत. पंधराशेच्या आत, बेस नीट ऐकू येईल असे तारेचे कुणी सुचवेल का?